वारा: शून्य

टोमॅटोच्या शेंड्याची पानं
नेच्यासारखी आत वळली, दोरीसारखी बारीक झाली.
बाबांनी, साठ हंगाम पाहिलेल्या नेस्तोर ह्नात्युकनं,
एक पान चष्म्याजवळ नेलं, म्हणाले, "टू-फोर-डी."
वासावरून नव्हे, वळणावरून.
अक्षर ओळखावं तसं.

पण आमच्या चहूबाजूंना मसूर,
आणि मसुरात टू-फोर-डी कोण मारेल?
जवळात जवळचा गहू ऑरेस्टचा, अकरा मैलांवर.
ऑरेस्ट देवाशपथ सांगतो, त्या आठवड्यात
त्यानं फवारायंत्र शेडबाहेर काढलंच नाही.

रेजायनाहून तपासनीस बाई आली.
तिनं आधी कुणाचं नाव विचारलं नाही,
ओला पेंढा मागितला
आणि सूर्य बुडताना पेटवला.

धूर वळचणीइतका चढला
अन् तिथेच अडला.
मग आडवा झाला.
कॅरागानाच्या कुंपणावरून, डिझेलच्या टाकीवरून
न फाटता, न घाई करता
पूर्वेला निघून गेला.

"आधी जमीन निवते," ती म्हणाली,
"खालची हवा गार, वरची ऊबदार, झाकण बसतं.
वारा असता तर विरला असता.
निवांत संध्याकाळी तो अख्खा जातो.
बारीक थेंब खाली येतच नाहीत,
आणि पडलेलंसुद्धा दुसऱ्या दिवशीच्या उन्हात
पानावरून उठून चालू लागतं."
थोडं ऊन खातं, म्हणे. थोडं पावसात उतरतं.
तिच्याकडे पावसाच्या बाटल्या आहेत, महिनावार.
तिनं आकडे सांगितले, मी विसरले.

रात्री मी माझी वही काढली.
आमचा गहू इथे नाही,
वीस मैलांवर आहे, आईच्या माहेरच्या तुकड्यात.
चौदा जून. एकशे साठ एकर.
एस्टर, कारण स्वस्त पडतं.
वेळ साडेनऊ, उजेड होता अजून.
वारा: शून्य.
आणि पुढे माझ्याच अक्षरात, अधोरेखित:
"झकास."

त्या शेताच्या पूर्वेला कोण राहतं?
नकाशात झाडांची एक रांग आहे,
म्हणजे घर असणार.
घर म्हणजे परसात वाटाणा, एखादं सूर्यफूल,
आणि कुणीतरी पान चष्म्याजवळ नेऊन
माझं अक्षर वाचत असेल,
सही कुठे सापडत नसेल.

बाबांनी टोमॅटो उपटले नाहीत.
वळलेल्या पानांखाली दोन फळं धरलीत.
खायची की नाही,
यावर घरात अजून एकमत नाही.