ऊटा आतेन

वडगावातल्या आमच्या बोळात
सकाळी सातला माग सुरू होतात.
खटक-खट, खटक-खट.
हा आवाज मला चालतो,
तो कधी चुकत नाही.

वांगं चुकतं.
कालचं मऊ, आजचं बियांचं.
घासात मधेच एखादी बी दाताखाली येते
तेव्हा पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज जाते,
हे मी आईला सांगितलं, नववीत.
आई म्हणाली, थेरं.

नववीतच अंग बदललं,
मला न विचारता.
युनिफॉर्मची शिवण काखेत ओरडायची,
चालताना मांडी मांडीला शिवायची,
आणि मला कोणी शिवलेलं चालत नाही,
मी स्वतःसुद्धा.

मग एकदा परीक्षेत जेवायचं राहिलं
आणि आत शांत झालं.
भरदुपारी लाईट जाते
आणि बोळातले सगळे माग एकदम थांबतात ना,
तसं.
मला तेच पाहिजे होतं, रोज.
लाईट गेली की कापडही थांबतं
हे विणकरांच्या गल्लीत राहूनही
मला उशिरा कळलं.
पाळी थांबली, केस कंगव्यात राहू लागले.

येळ्ळूरच्या मावशीनं
आधीच्या यात्रेत म्हटलं होतं, जाड होऊलालीस गं.
पुढच्या यात्रेत, किती वाळूलालीस, बरी दिसूलालीस की!
दोन्ही वाक्यं मी वहीत लिहिली, तारखेसकट.
त्यातलं पाळायचं कुठलं
ते कोणी लिहून दिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
आरशात तुला तू जाड दिसतेस का?
मी म्हटलं, आरशात मी उलटी दिसते,
डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे.
त्या पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.
तीन खेपांनंतर कागदावर लिहून आलं:
पूर्वा मुतगेकर, वय बावीस, ऑटिझम.
आई बसमध्ये म्हणाली, ते मुलग्यांना असतं.
खिडकीबाहेरच्या पाट्या मी दोन्ही लिप्यांत वाचत गेले.

समोरची रुद्रव्वा रोज विचारते,
ऊटा आतेन?
जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ,
आणि सगळे आत म्हणून पुढे जातात,
जेवलेले, न जेवलेले.
मला तसं येत नाही.
एका मंगळवारी मी खरं ते सांगितलं: इल्ला.
तिनं माग थांबवला.

फडक्यातून कडक भाकऱ्या काढल्या,
ज्वारीच्या, वाळवलेल्या, पापडासारख्या पातळ,
चळत अशी की वरची आणि खालची ओळखू येऊ नये.
भाजी नाही. काही काही शी शिवलेलं नाही.
मी तुकडा मोडला.
कट्.
पुढचा तुकडाही, कट्.

बुधवारी मला जमलं नाही. म्हटलं, ब्याड.
रुद्रव्वानं फडकं बांधलं.
ब्याड अंद्र ब्याड, म्हणाली, आणि विणायला लागली.
आमच्या घरात नको म्हटलं
की दोन जास्त वाढतात.
मी ओट्यावर बसून राहिले, रडले थोडी,
का ते अजून माहीत नाही.

आज परत तिनं विचारलंय.
आई आमच्या दारात उभी, हात पिठाचे,
पहिल्यांदाच मधे काही न बोलता.
मी उत्तर शोधते आहे, खरं असलेलं.
रुद्रव्वा थांबली आहे,
धोटा हातात धरून.