येणे बाकी

रसायनशाळेच्या भांडाराची किल्ली माझ्याकडे असते.
सतरा वर्षं मी या वहीत लिहितोय:
काय गेलं, कुणी नेलं, कधी परत आलं,
आणि फुटलं असेल तर कुणाच्या हातून.

मार्चमध्ये ओगवेनो आला. तिसऱ्या वर्षाचा,
स्वेटरचं कोपर फाटलेलं.
दोन बादल्या, एक तापमापक,
आम्लता मोजायच्या कागदाची गुंडाळी.
मी विचारलं, कशाला?
म्हणाला, मबुताच्या कातडीला.

मबुता म्हणजे आमच्या सरोवरातला
माणसाच्या छातीला लागेल एवढा मासा.
त्याचं मांस विमानानं परदेशी जातं,
सांगाडा तळून आम्ही खातो,
आणि कातडीचे ढीग कारखान्यामागे सडतात.
त्यांच्यावर हक्क सांगायला
करकोच्यांखेरीज कुणी येत नाही.

पोराला तिचं चामडं करायचं होतं.
पुस्तकात कृती होती. पुस्तकातली रसायनं
नैरोबीहून मागवावी लागत,
आणि पुस्तकाला वास नव्हता.
चार दिवसांत आमच्या प्रयोगशाळेचा
अक्षरशः मासळीबाजार झाला.
विभागप्रमुख बाईंनी नाकावरचा रुमाल काढला,
तोही फक्त "बाहेर!" म्हणण्यापुरता.

बाहेर म्हणजे कुंपणापलीकडे,
जिथं अपोंडीची कढई.
विद्यापीठ तिच्याकडे रोज जेवतं
आणि तिला "ए मावशी" म्हणतं.
तिनं बादलीत डोकावलं, झारा निथळवला.
"खवलं निघत नाहीत ना? पपईचा चीक घाल.
मग बाभळीच्या शेंगा. उकळून नको, भिजवून.
माझा बाप न्यातितीवर कातडं चढवायचा.
सैल चढलं तर तारा रडतात, म्हणायचा."

ओगवेनोनं वही काढली.
ती म्हणाली, लिहू नकोस, हात घाल.

पहिलं कातडं पुठ्ठ्यासारखं कडक.
दुसरं कुत्र्यानं नेलं.
पाचवं मऊ होतं, पण ओडिएरो चांभारानं
चिमटीत धरून परत दिलं:
"सांडल शिवीन, पण पाऊस लागला तर
गिऱ्हाईक माझ्या दारात येणार, तुझ्या कॉलेजात नाही."
अकराव्याच्या वेळी तो काहीच बोलला नाही.
सुई शोधू लागला.

मग विद्यापीठाची स्पर्धा निघाली, नवउद्योगांची.
अर्जात शोधकर्त्याच्या नावाला एकच ओळ.
पोरानं दोन नावं कोंबली.
अर्ज परत आला:
दुसऱ्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक लिहा.
अपोंडी हसली, कंबरेच्या फडक्यातून
नगरपालिकेच्या जागाभाड्याची पावती काढली.
"हा माझा क्रमांक. दर सोमवारी पैसे भरून मिळवते."
तोच टाकला.
संगणकानं मुकाट्यानं घेतला.

पहिलं बक्षीस ड्रोनवाल्यांना गेलं.
यांना तिसरं. त्यातून एक जुनं शिलाई मशीन,
पत्र्याचं छप्पर, आणि दोन महिन्यांनी भांडण,
नफा कसा वाटायचा यावरून.
अजून पुरतं मिटलेलं नाही.
पण आता चिंचेखाली सात जण कामाला असतात,
आणि यंदा दुसऱ्या वर्षाच्या पोरांची एक तुकडी
दर बुधवारी अपोंडीच्या बाकावर बसते.
बाईंनीच पाठवली. रुमाल न घेता
त्या स्वतःही एकदा येऊन गेल्या.

काल हिशेब तपासनीस आले. बोट एका ओळीवर थांबलं.
"दोन बादल्या. येणे बाकी. दीड वर्ष?"
मी म्हटलं, साहेब, त्या भरलेल्या आहेत.

ते गेल्यावर वही उघडली.
मार्चचं पान. गेलं, नेलं, परत आलं.
आत काय आलं, याला रकानाच नव्हता.
पट्टी ठेवून एक रेघ मारली आणि लिहिलं:
बाभळीच्या शेंगा, एक पोतं. अपोंडीकडून.
परत कसं करायचं,
ती जागा कोरी ठेवली आहे.