कोअर शॉप

लुमाण्णाचा भाचा म्हणतो,
हार्डकोअर म्हणजे सव्वा लाखाची मशीन,
अंधारात लाल-निळा पेटणारा कीबोर्ड
आणि रात्रीचे दोन.
बाकी सगळे कॅज्युअल.
बसमध्ये फळं जुळवणारे,
संडासात गाड्या पळवणारे,
सासुरवाडीला जाऊन लुडो खेळणारे.

मी ऐकून घेतो.
खरं मनात येतं,
कोअर कशाला म्हणतात ते मला विचार की गा.

उद्यमबागेत, मागच्या शेडला,
नऊ वर्षं मी कोअरच करतोय.
बारीक वाळू, अळशीचं तेल.
पूर्वीचे लोक काकवी घालायचे,
मुंग्या लागायच्या म्हणे पेटीला.
मळायचं, ठोकायचं, भट्टीत भाजायचं.
टिचकी मारली की
घागरीगत वाजलं पाहिजे.
ते साच्याच्या पोटात ठेवायचं
आणि वरून लोखंड,
बघवत नाही इतकं पांढरं.

कच्चं असलं तर तिथंच बसतं.
पंप बाद, आणि विरूपाक्ष सुपरवायझर
कानडीत सुरू होतो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
पक्कं असलं तर धरून राहतं
लोखंड निवेस्तोवर.
मग आम्हीच हातोड्यानं पाडतो ते.
भुगा होऊन गळतं.
राहते ती पोकळी,
जिच्यातून कुणाच्यातरी उसाला पाणी जाणार.

एवढं सगळं भाच्याला सांगितलं नाही.
तो म्हणाला, मामा, तुम्ही कुठला खेळता?

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ मोनाप्पा हुंदरेची खोली.
तीन मशीन, एक पंखा, तासाला तीस रुपये.
मी खेळतो तो गेम जपानी,
त्यातलं एक अक्षर कळत नाही.
त्याचं काही नाही,
आमच्या गेटपासवरचंही कळत नव्हतं आधी.

एक पूल आहे. पुलावर राखणदार,
एका हातात कंदील, एका हातात कोयता.
थांबवायचं बटण नाही.
लघवीला गेलास तर मेलास.
एकशे सतरा वेळा मारलंय त्यानं मला,
पाठीमागून, पुढून, एकदा तर
मी जिंकलो म्हणून हात वर केले तेव्हा.

खरं लबाड नाही तो.
कोयता उचलायच्या आधी
डावा खांदा एवढासा पाडतो.
दरवेळी.
दिसला तर वाचलास,
नाही दिसला तर परत पहिल्या पायरीवर,
खरं जे दिसलं ते तुझं.
ते कुणी काढून घेत नाही.

गेटपासवर माझ्या नावापुढं लिहिलंय, कॅज्युअल.
दोनशे चाळीस दिवस भरायला आले
की विरूपाक्षचा आवाज मऊ होतो,
चक्क मराठीत येतो.
जरा ब्रेक घ्या, मुचंडीकर.
पंधरा दिवसांनी नवं कार्ड, नवा नंबर,
हजेरी एकपासून.
नऊ वर्षांत बारा वेळा.
बोटांना वाळू कळते, तेल किती पाहिजे कळतं,
कार्डाला कळत नाही.
आणि तिथं आधी
कुणाचा खांदा पडत नाही.

काल रात्री राखणदाराचं नखाएवढं उरलेलं
आणि लाइट गेली.
शेजारची पोरं शिव्या देत उठली.
मोनाप्पानं मोबाइलचा उजेड पाडला,
म्हणाला, आजचे पैसे राहू देत.
मी दिले.
बसून राहिलो तसाच,
अंगठे बटणांवर, नखांत काळी वाळू,
गेटावरनं मालगाडी गेली
ती पुलावरनं गेल्यागत वाजली.

साडेबाराला लाइट आली.
सकाळी सातची पाळी.
मोनाप्पा कुलूप हातात घेऊन उभा.

एकच, म्हटलं.

एकशे अठरा.
पहिली पायरी, कंदील,
डावा खांदा.