अर्ध्याचं अर्धं

विसागिनासमध्ये फेब्रुवारी सरता सरत नाही.
पाइनच्या शेंड्यांवर बर्फ, तळ्यावर बर्फ,
बंद अणुभट्टीच्या धुराड्यातून आता काहीच निघत नाही,
तरी बसमधली माणसं
वळणावर एकदा मान वर करतात.

यादविगा आधी कोट शिवायची.
आता शिवते काळी चादर:
सिलिकॉनच्या रबरात टंगस्टनची भुकटी,
शेजारच्या खोलीत दोन रुळांमधून
कणकेसारखी तिंबून काढलेली.
भुकटी जास्त झाली की घडीवर तडा जातो,
कमी झाली की उरतं नुसतंच रबर.
या दोन चुकांमधल्या चिंचोळ्या जागेत
रिमांतास तीन वर्षं राहतो आहे.
घरी तो फक्त झोपायला जातो, असं त्याची बायको सांगते.

शिशाचे पत्रे तिने पाहिलेत.
गेन्नादी सांगायचा,
पाइपाभोवती ते वाकवताना चार माणसं लागत,
आणि एकदा वाकले की वाकले,
पुन्हा सरळ करायला जावं तर घडीवर
केसाएवढी चीर.
केसाएवढी पुरते, म्हणायचा.
एवढंच. गेन्नादीबद्दल ती याहून जास्त बोलत नाही.

पहिली चादर तपासून आली
ती एका फिल्मसोबत.
करड्या पटावर पांढऱ्या ठिपक्यांची सरळ ओळ,
अगदी समान अंतरावर,
तिचाच टाका, तिचाच हात,
चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला.
"सुई जिथून गेली," रिमांतास चाचरत म्हणाला,
"तिथून तेही जातं."
तिने फिल्म खिडकीशी धरली.
बराच वेळ धरली.
स्वतःची शिवण अशी आरपार
तिने कधी पाहिली नव्हती.

मग म्हणाली, थंडीचा कोट कधी नीट पाहिलास?
बटणांच्या ओळीतून वारा शिरतो,
म्हणून एक पदर दुसऱ्यावर वीतभर चढवायचा,
आणि आतल्या भोकासमोर बाहेरचं भोक
कधीच येऊ द्यायचं नाही.
त्याने वहीत लिहून घेतलं.
वहीत आधी नुसती समीकरणं होती,
त्यांच्याखाली आता एक कोट,
बटणांसकट, वाईट काढलेला.

नवी चादर चौदा किलोंची.
कुशीवर वळलेल्या माणसासारखी
पाइपाच्या कोपराला बिलगते.
"थांबतं ना सगळं?" यादविगाने विचारलं.
सगळं कधीच थांबत नाही, तो म्हणाला.
एका थराने अर्धं.
दुसऱ्याने त्या अर्ध्याचं अर्धं.
तिसऱ्याने त्याचंही.
"मग शून्य कुठे?"
शून्य नाही, यादविगा. वेळ आहे.
चार मिनिटांचं काम करणाऱ्याला
आता सोळा मिनिटं मिळतील,
बोल्ट न घाबरता फिरवता येईल.

सोळा मिनिटं.
बटाटे उकडायला लागतात त्याहून कमी.
खाली उतरणारा पोरगा, आर्तुर, तिसऱ्या मजल्यावरचा,
जिन्यात भेटला की टोपी काढतो.
त्याचा पाइप कोणता, हे तिला कोणी सांगत नाही.
ती विचारतही नाही.
फक्त त्या आठवड्यात पदर वीतभर नाही,
वीत आणि वर चार बोटं चढवते.
रिमांतास मोजपट्टी लावतो, वजन पाहतो,
काही न बोलता सही करतो.

कापून उरलेली एक पट्टी तिने घरी आणली,
कुठेही न वापरलेली, कोरी,
बिलावर नोंदवून, रीतसर.
स्वयंपाकघराच्या पडद्याच्या काठात शिवून टाकली,
खिडकी उघडली की तो फार फडफडायचा.
शेजारीण ओल्गेर्दा अजूनही त्या बाजूला बसत नाही,
चहाचा कप घेऊन दाराशीच उभी राहते.
यादविगा तिला समजावत नाही.
वारा येतो.
पडदा जरासा हलतो,
आणि आपल्या वजनाने
परत जागेवर येतो.