खोडायचा पाव

एकतीस वर्षं या स्टुलावर बसतोय मी,
तेलावीच्या चित्रशाळेत,
तळमजल्यावर, शेगडीपासून चार हातांवर.
हे अंतर बेसारिओन मास्तरांनी मोजून दिलेलं.
जवळ सरकलं की मॉडेल पेंगतो,
लांब गेलं की काकडतो,
आणि काकडणाऱ्या माणसाला कडा नसते, म्हणायचे.

मला स्वतःला सरळ रेघ येत नाही.
शाळा मात्र तोंडपाठ आहे.

आधी ही रेशमाची गिरणी होती.
एफेमियाबाईंनी ती घेतली तेव्हा
कढयांना अजून कोशांचा वास होता,
आणि पहिली सतरा मुलं
तुतीच्या टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसली.
कोळसा विकत मिळेना. मग
फेब्रुवारीत द्राक्षवेलींची छाटणी झाली की
काड्या गोळा करायच्या, डब्यात कोंबायच्या,
मातीनं तोंड लिंपून विस्तवात ठेवायच्या.
अजून तसंच चालतं. पहिल्या वर्षाला
चित्राआधी काडी भाजायला शिकवतात.
कच्ची राहिली तर कागद ओरखडते,
जास्त झाली तर चिमटीतच राख.

खोडायला पाव असायचा.
शिळ्या पावाचा मऊ गर बोटांत मळून
काळ्यावर हलकेच टेकवायचा.
मग युद्धातला तो हिवाळा आला.
माणशी मूठभर पाव, तोही रांगेत उभं राहून.
तरी बाईंनी वर्गासाठी एक अख्खा राखून ठेवला.
पहिल्या दिवशी त्याचा कोपरा झिजला.
दुसऱ्या दिवशी पाव नव्हता.
कोणी खाल्ला, बाईंनी विचारलं नाही.
सगळ्यांनीच खाल्ला होता.
बेसारिओन तेव्हा अकरा वर्षांचा,
त्याच्या वाट्याला कोळसा लागलेला तुकडा.
मरेपर्यंत ती चव सांगायचा:
जळक्या वेलीची, जराशी गोड.
बाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं,
आजपासून खोडायचं नाही.

चुकलेल्या खांद्याशेजारी बरोबर खांदा काढा.
दोन्ही राहू द्या.

आता तिबिलिसीहून, परदेशातून पाहुणे येतात,
त्यांना त्सिसाना मॅडम ही पद्धत समजावतात:
शोधाची खूण, प्रक्रियेचा प्रामाणिकपणा वगैरे.
मी स्टुलावर हलत नाही.
हलायचे पैसे मला मिळत नाहीत.

वीज गेली ती वर्षं मात्र मी डोळ्यांनी पाहिली,
म्हणजे, नाहीच पाहिली.
पाच वाजता मिट्ट काळोख. रॉकेल संपलेलं.
मास्तर म्हणाले, वर्ग होईल.
एकेक मूल माझ्यापाशी यायचं,
गार बोटांनी हनुवटी, मानेची शीर,
खांद्याचं हाड चाचपायचं,
जागेवर जाऊन अंधारात काढायचं.
सकाळी भिंतीवर तेवीस वार्लाम.
एकाला तीन कान. एकाला नाकच नाही.
आणि एक नतेलाचा.
तिचा बाप सुखुमीहून परत आलाच नव्हता.
त्यातला चेहरा माझा नव्हता.
मास्तर त्यापुढे बराच वेळ उभे राहिले.
म्हणाले, प्रमाण चुकलंय.
मग म्हणाले, राहू दे.

आज पुढच्या रांगेतला नवा मुलगा
बाहीत रबर लपवून आलाय.
माझा डावा खांदा तिसऱ्यांदा पुसतोय,
वर चढवतोय, उजव्याच्या ओळीत आणतोय.
मॉडेलनं बोलायचं नसतं.
नाहीतर सांगितलं असतं,
खांदा खरंच उतरलाय, पोरा, गेल्या हिवाळ्यापासून.
तुझी पहिली रेघ बरोबर होती.