विरजण

मे महिन्यात नागपुरात
बाहेर सेहेचाळीस, इनक्युबेटरमध्ये सदतीस.
या शहरात सगळ्यात गारव्याला आमचे जंतू राहतात,
असा विनोद मी दरवर्षी करतो.
कूलरच्या घरघरीत कोणाला ऐकू जात नाही.

सकाळी ताटल्या काढतो.
सायीसारखी पसरलेली वाढ, तीत पांढऱ्या चकत्या,
चकतीत औषध,
आणि चकतीभोवती एक रिकामं वर्तुळ
जिथं काही उगवलं नाही.
त्या न उगवण्याची रुंदी मी पट्टीनं मोजतो.
याचा मला पगार मिळतो.

नवा लागलो तेव्हा वर्तुळं
जुन्या रुपयाएवढी असायची.
मग आठाण्याएवढी.
आज एकीभोवती काहीच नव्हतं.
औषधाला पाठ टेकून बसले होते जंतू,
दुपारी सावलीच्या भिंतीला बसतात तसे, निवांत.
चिठ्ठीवर: म्हैस, शेवंती. सहारे, बोखारा.

कौतिकाबाई सहारे लोणच्याच्या बरणीतून दूध घेऊन आल्या होत्या.
"दगडी झाली जी. एक सड त धोंडाच."
सुया किती झाल्या? कोणी दिल्या?
बोटं मोजता मोजता त्यांनी सोडून दिली.
"दुकानातला पोट्टा देते. सूज उतरली का बंद.
आन बाकीच्या तिघींले अर्धी अर्धी,
होऊ नये म्हणून."
अर्धी.
आमच्या रजिस्टरात या शब्दाला रकाना नाही.

मी सांगू लागलो: अर्ध्या मात्रेनं जे मरत नाहीत
ते शिकतात, आणि शिकलेलं वाटून टाकतात.
"हरळी हाय म्हंजे," त्या म्हणाल्या.
मग जरा थांबून:
"मागल्या पोळ्याले विरजण लागलंच नाही.
रातभर फडक्यात गुंडाळलं, सकाळी पाहते त दूध तसंच.
सासू म्हणे, कोणाचा तरी विटाळ झाला.
सुई म्हशीले, बोलणं माह्या पोरीले.
तीन दिवस जेवली नाही थे."

माझी बहीण मेडिकलमध्ये नर्स आहे.
तिच्या वॉर्डातल्या कागदांवरही तेच अक्षर येतं,
औषधांच्या नावांसमोर, आर, आर, आर,
खालपर्यंत.
रविवारी जेवताना आम्ही यावर बोलत नाही.
ती फक्त विचारते, दूध कुठून आणलंस?

एका चकतीभोवती वर्तुळ शिल्लक होतं.
डॉक्टरांनी तेच औषध लिहिलं: पाच दिवस, पुरे पाच,
आणि पुढचे चार दिवस दूध कोणालाही नाही.
शेवंतीच्या तलवारीएवढ्या शिंगाला
कौतिकाबाईंनी लाल चिंधी बांधली,
पहाटे झोपेतही कोणाची बादली तिच्याखाली जाऊ नये म्हणून.
गोठ्यामागं खड्डा खणला.
वासरालाही नाही. मांजरालाही नाही.

सदरचा चहावाला दारात आला.
"उकळलं का सप्पा मरते, काकू. अर्ध्या भावात द्या मले."
"मरते थे मरते. औषध नाही मरत."
नऊ दिवस त्या धार काढून खड्ड्यात ओतत राहिल्या,
म्हणे पहिल्या दिवशी हात कापला,
चौथ्या दिवशी शिव्या दिल्या,
कोणाला, ते सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी त्या आल्या, स्टीलचा डबा घेऊन.
टेबलावर, माझ्या पट्टीशेजारी,
झाकण काढून डबा उपडा धरला.
मी ताटल्या बाजूला ओढल्या.
काही पडलं नाही.
"पोरीनं लावलं," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत खायला मनाई आहे.
बाहेर कडुलिंबाखाली, सेहेचाळीसात,
उभ्या उभ्या बोटांनीच खाल्लं.
आंबट होतं. थोडं जास्तच.
आत अजून बारा ताटल्या मोजायच्या होत्या.