पहाटेची पाळी

मस्टरवर माझा हुद्दा व्हॉल्वमन.
नवऱ्याच्या जागी अनुकंपावर लागले तेव्हा
बडे बाबू म्हणाले, बाई, हुद्दा बदलत नसतो.
नाव तेवढं बदललं: कालिंदा रामराव सोनकांबळे,
उदगीर नगरपरिषद, पाणीपुरवठा, झोन तीन.

साडेतीनला उठते.
उठते म्हणजे डोळे उठतात.
बोटं मागं राहतात,
रात्रीतून कुणी सांध्यांत सिमेंट कालवून ओतल्यासारखी.
गरम पाण्याच्या गंजात बुडवून
एकेकाला हाक मारावी लागते.
करंगळी आधी येते.
अंगठा शेवटी, लग्नात रुसलेल्या थोरल्यासारखा.

चावी चार फुटांची, वर आडवा दांडा.
पूर्वी सोळा फेरे एका दमात.
आता मनगटानं नाही, कोपरानं, छातीनं,
आणि दिवाळीपासून तर
अझहरच्या दुधाच्या सायकलीची वाट बघत.
तो उतरतो, राहिलेले फेरे मारून देतो,
बोलत नाही.
हे चांगलं आहे त्याचं.

लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हा संधिवात वयाचा नाही,
अंग आपल्याच अंगावर पेटलंय.
रक्त घेतलं, सकाळी बरोबर आठला.
मूत्रपिंडाच्या डोक्यावर म्हणे
टोपीएवढी एक ग्रंथी असते.
जग झोपलेलं असताना, तीनच्या सुमारास
ती कॉर्टिसॉल सोडायला लागते,
उजाडेपर्यंत रक्तात त्याचा भर.
तेच माणसाला अंथरुणातून उठवतं,
तेच आतली जळजळ दाबून धरतं.

मी हसले.
म्हटलं, म्हणजे आमच्याच खात्यातली.

रिपोर्ट आला: नॉर्मल.
पिशवी उचलून मी निघालेच होते.
त्यांनी खांद्याला धरून बसवलं.
आग नसलेल्या घरात हे नॉर्मल, कालिंदाबाई.
तुमच्याकडं सात वर्षं पेटलेलं आहे.
एवढ्या आगीला तिनं जास्त सोडायला पाहिजे होतं,
ती रोजच्याएवढंच सोडते.

हे मला समजावून सांगायला नको होतं.
बारदान्याच्या गोदामाला आग लागली
त्या रात्री रामराव पाळीवर होता.
वेळेवर उघडला, वेळेवर बंद केला,
वहीत लिहिलं: पुरवठा सुरळीत.
गोदाम तीन दिवस धुमसलं.
वही खोटी नव्हती.

मग गोळी सुरू झाली,
पांढरी, हरभऱ्याच्या डाळीएवढी.
चौथ्या दिवशी मूठ मिटली.
चुलीपुढं बसून मी मूठ मिटत होते, उघडत होते,
सुनेला वाटलं, सासूबाई काहीतरी लपवायल्यात.

हा टँकर आहे, मला कळत होतं.
पाणी ते पाणीच, पण बाहेरून आलेलं.
मनानं बंद करायची नाही, बजावलंय बाईंनी.
बाहेरून येत राहिलं की आतली आळसावते,
एकदम तोडलं तर तिला उठायचं आठवत नाही.
कमी करायची ती हळूहळू,
अर्धी, मग पाव, विचारून विचारून.
ज्या गल्लीत टँकर लागला
तिथल्या आडांचं काय होतं, मी पाहिलंय.
गाळ काढायचंच विसरतात लोक.

कधी तीनलाच जाग येते.
गल्लीतलं कुत्रंसुद्धा निजलेलं असतं.
पाठीत, बरगड्यांच्या खाली, हात ठेवते.
ऊठ गं, म्हणते, तुझी वेळ झाली.
दुखतं का तुझंही मनगट?
तुझ्या वाटेला कुणी सायकलवाला येतो का?
इतकी वर्षं एकटीच फिरवायलीस,
आणि मी तुलाच कामचुकार समजत होते.

काल वहीत सुरळीत लिहिलं नाही.
लिहिलं: वेळेवर सोडलं. पुरलं नाही.
साहेबांनी चष्मा काढून विचारलं,
कुठल्या झोनचं लिहिलंय हे?